पाचव्या डब्यातली सरळ रेष

वेंगबाईंच्या निवड चाचणीत झाकण उघडेपर्यंत उत्तर बदलायला मुभा होती. मात्र कारण स्वतःच्या आलेखातून द्यायचं. दुसऱ्याचा आलेख पाहून उत्तर फिरवलं, की चाचणीतून बाद.

टेबलावर चहाचे पाच बंद डबे होते, प्रत्येकातून दोन वायरी बाहेर आलेल्या. व्होल्टेज द्यायचं, करंट किती जातो ते पाहायचं आणि दोन्हींच्या आलेखावरून आत काय आहे ते ओळखायचं. ताइनानच्या या तांत्रिक शाळेतून तैपेईच्या स्पर्धेला एकच जण जाणार होता. चार डबे उघडून झाले तेव्हा शर्यतीत उरलेल्या दोघांत रुओयिंग जंगहानपेक्षा एका डब्याने पुढे होती. तिसऱ्यात, एकाच दिशेने करंट जाऊ देणारे दोन डायोड उलटसुलट जोडलेले होते. जंगहानने एकाच दिशेने मोजलं आणि ‘एक डायोड’ लिहून मोकळा झाला. पण शेवटचा डबा तिचा चुकला आणि त्याचा बरोबर आला, तर बरोबरी होणार होती. बरोबरीत मान वरच्या वर्गाचा. जंगहान तिसऱ्या वर्षाला होता, ती दुसऱ्याला.

तिने पाचव्या डब्याच्या वायरी स्कोपला, म्हणजे पडद्यावर आलेख दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपला, जोडल्या. आईच्या दुरुस्तीच्या गाळ्यात ती शाळा सुटल्यावर रोज हेच करायची. पडद्यावर आडवं व्होल्टेज, उभा करंट, आणि सेकंदाला साठ वेळा दोन्ही दिशांना फेरी. आलेख काढत बसावं लागत नाही, तो दिसतोच. हिरवी रेष मधोमध तिरकी गेली, पट्टीने आखल्यासारखी सरळ.

“रेझिस्टर,” ती म्हणाली.

“घाई झाली गं तुला,” जंगहान मीटरवरून मान न उचलता म्हणाला. तो एकेक व्होल्ट वाढवून, काटा स्थिर होऊ देऊन कागदावर ठिपके देत होता.

“दादा, तुमचे ठिपके होईपर्यंत मी तैपेईला जाऊन येते.”

जेवणानंतरच्या रोजच्या झोपेची घंटा झाली. दिवे मालवले गेले, पडदे ओढले गेले, वर्गातल्या बाकी सगळ्यांनी बाकावर हातांची उशी करून डोकी टेकली. “उठल्यावर झाकण उघडते,” वेंगबाई म्हणाल्या. “तुम्ही दोघं जागे राहिलात तरी चालेल. आवाज नको.”

तेवढ्यात जंगहानने आपला कागद तिच्या तोंडासमोर धरला. ठिपक्यांची ओळ सुरुवातीला झपकन चढत होती आणि पुढे आडवी वाकत होती.

“दिवा आहे,” तो कुजबुजला. “तार तापते, तसा करंटला विरोध वाढतो. बाई, हिने माझा कागद पाहिला हं! आता उत्तर बदललं तर नक्कल.”

“तुम्हीच नाकासमोर आणलात ना!”

“गप्प बसा रे,” मागच्या बाकावरून कोणीतरी कण्हलं. “मेलेले उठतील.”

वेंगबाईंनी ओठांवर बोट ठेवलं. “रुओयिंग, उत्तर बदलायचं तर तुझ्या पडद्यावरून कारण दाखव. त्याच्या कागदावरून नाही.”

ती स्टुलावर बसली. जंगहान उलट दिशेने मोजायला कंटाळत असेल, पण काटा चुकीचा वाचणाऱ्यांतला नव्हता. आणि तिचा स्कोपही खोटं बोलत नव्हता. म्हणजे दोन्ही आलेख खरे. मग डबा एकच कसा?

तिने हात स्कोपवरच्या व्होल्टेजच्या बटणाकडे नेला आणि थबकली. गाळ्यात ते बटण कोणी हलवत नसे. व्होल्टेज कमी ठेवायचं, नाहीतर गिऱ्हाइकाचा सुटा भाग जळायचा, ही आईची शिस्त. इथेही तिने सवयीने ते तसंच सोडलं होतं.

तिने बटण थोडं फिरवलं. रेष लांबली. सरळच राहिली, पण किंचित झुकली. आणखी फिरवलं. आणखी झुकली.

रेझिस्टरचा विरोध बदलत नाही; त्याची रेष लांब होते, झुकत नाही.

ती हसली. बॅगेतून पाण्याने पुसता येणारं पेन काढलं आणि बटण पुन्हा खाली आणलं. एकेक पायरी वाढवत, तार तापून रेष स्थिरावेपर्यंत थांबत, तिने रेषेच्या टोकावर काचेवरच ठिपका दिला. मग ठिपके जोडले. पडद्याच्या उजेडात हिरव्या रेषेच्या आरपार काळी वाकडी ओळ उमटली.

“बाई,” ती हळूच म्हणाली, “उत्तर बदलते. दिवा.”

वेंगबाई चपला हातात घेऊन आल्या. “कारण?”

“सेकंदाला साठ फेऱ्यांत तारेला गार व्हायला वेळच मिळत नाही. एका फेरीपुरता तिचा विरोध जवळपास तोच राहतो, म्हणून रेष सरळ. बटण वाढवलं की तार जास्त तापते, म्हणून रेष झुकते. दादा सावकाश मोजतात, त्यामुळे त्यांना वाकडेपणा आपोआप मिळाला. मला तो टोकं जोडून काढावा लागला.”

“मग आधी रेझिस्टर का म्हणालीस?”

“बटण एकाच जागी ठेवून बोलले. चूक माझी.”

जंगहान पडद्याशी वाकला. त्याने स्वतः बटण मागे-पुढे फिरवून पाहिलं. रेष त्याच्या हाताखालीही झुकली आणि उठली.

“बाई,” तो म्हणाला, “नक्कल नाहीये ही. माझ्या कागदावर यातलं काहीच नाही.”

वेंगबाईंनी डब्याचं झाकण उघडण्याची तसदी घेतली नाही. फळ्याशी जाऊन, खडू वाजू न देता, त्यांनी तैपेईच्या रकान्यात रुओयिंगचं नाव लिहिलं.

“रविवारी मला हा स्कोप शिकवशील?” जंगहानने विचारलं.

“शिकवीन. पण तिकडे परीक्षक सावकाश मोजायलाच लावतात म्हणे. तेवढं तुम्ही शिकवा, दादा.”

“दोघंही झोपा आता,” मागचा बाक म्हणाला.