शिफारस केलेलं सातवं पुस्तक

फळीवर अकरा पुस्तकं होती. चार बर्फावरची, तीन समुद्रावरची, दोन जंगलातली, एक डोंगरावरचं आणि एक वाळवंटातलं. मित्रांनो, ते वाळवंटातलं जुनं पुस्तक म्हणजे मी. डावीकडून सातवं, तीनशे बारा पानांचं, वजन नऊशे चाळीस ग्रॅम.

ती फळी मॉरिटानियात, अद्रारच्या पठारावरच्या एका शाळेत होती. शाळेच्या दारातून वीस पावलं चाललं की वाळू सुरू होते. तिथल्या मुलांना बर्फाचं घर कसं बांधावं आणि अस्वल अंगावर आलं तर निपचित कसं पडावं, हे शिकवायला आम्ही आलो होतो. कुणा परदेशी पाहुण्यांनी आमची पेटी पाठवली होती. सोबत यादी होती, 'रानावनात तगून राहण्यासाठी शिफारस केलेली पुस्तकं'. शिफारस कुणी केली, ते यादीत नव्हतं. बहुधा अशा माणसाने, ज्याला घरातली फळी भरून वाहत असल्याची काळजी होती.

माझ्या जन्माबद्दल सांगण्यासारखं थोडं आहे. माझ्या लेखकाने मला दुसऱ्या मजल्यावरच्या उबदार खोलीत लिहिलं. वाळवंटात तो एकूण नऊ रात्री राहिला होता आणि नऊही रात्री आचारी सोबत होता. तरी मुखपृष्ठावर त्याने चेहरा असा केलाय, जणू सगळी वाळू त्यानेच चाळून ठेवली. बाकीच्या दहा जणांची गोष्ट याहून वेगळी नाही. शेजारचं अस्वलाचं पुस्तक तर स्वतःला अस्वलच समजायचं.

सहा वर्षांत मला सतरा जणांनी उघडलं. त्यांतल्या सोळा जणांनी विंचवाचं चित्र पाहून मिटलं. सतरावा येसलेम, शाळेतला विज्ञानाचा मास्तर. त्याने मला पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं, तेही दोनदा. असल्या माणसाचं काय होणार, ते मला तेव्हाच कळायला हवं होतं.

एका पहाटे कळलं, की त्याच्या सासऱ्याची, बुयाची, गाभण उंटीण हरवली आहे. बुयाला डोळ्यांनी कमी दिसायचं. त्याचा मुलगा तापाने पडला होता, म्हणून जावयाला बरोबर जावं लागलं. येसलेमने पाठीवरच्या पिशवीत पाण्याच्या दोन बाटल्या घातल्या. मग एक बाहेर काढली आणि त्या जागी मला कोंबलं. वाळूतले ठसे किती जुने आहेत, हे ओळखण्याचं कोष्टक माझ्या सत्त्याण्णवाव्या पानावर आहे. त्याला ते पडताळून पाहायचं होतं.

"एका बाटलीची जागा खातंय ते," त्याची बायको लेमनेया म्हणाली.

"दुपारपर्यंत परत येतो."

"आणि पखाल बाबांच्या उंटावर. बाबांसमोर जाऊन पाणी पिणार आहेस तू?"

"त्यांच्यासमोर मी जांभईसुद्धा गिळतो, माहीत आहे ना तुला."

"मग तहान लागली की पुस्तक पी," असं म्हणत तिने पिशवीचा बंद आवळला.

मित्रांनो, या लोकांत जावई सासऱ्यासमोर खात नाही, पीत नाही, त्याच्याशी थेट बोलतही नाही. तोंडावर फेट्याचं टोक ओढून चार हात लांब चालतो. मला हा निव्वळ मूर्खपणा वाटायचा. माझ्या लेखकाला तर तो माहीतच नव्हता. तीनशे बारा पानांत साप आहेत, वादळं आहेत, मृगजळाची आकृती आहे. सासरा कुठेच नाही.

बुया उंटाचा दोर धरून पुढे, येसलेम चाळीस पावलं मागे. जावयाला काही सांगायचं तर बुया उंटाला सांगायचा. पहिल्या ठशांपाशी येसलेमने मला उघडून कोष्टक लावलं आणि वहीत लिहिलं, 'तीन दिवस'. तेवढ्यात म्हाताऱ्याने वाकून एक लेंडी बोटांत फोडली.

"ए उंटा," तो म्हणाला, "मागे कुणी विद्वान येत असेल तर त्याला सांग, आत ओलं आहे. काल संध्याकाळची आहे. मोठमोठी पानं उलटून उगाच वारा घालू नकोस म्हणावं."

येसलेमने वहीतले तीन दिवस खोडले. मी मिटून पिशवीत गेलो. पुस्तकाला दुसरं काय जमतं?

ठसे मात्र संपेनात. सव्वानऊला येसलेमची बाटली रिकामी झाली. उंटीण दुपारी बाराला सापडली, खडकाच्या आडोशाला, नुकती व्यालेली. ओलं पिल्लू म्हाताऱ्याने उंटाच्या पाठीवर बांधलं आणि ते परत निघाले. उंटीण पिल्लाला हुंगत दर दहा पावलांनी थांबायची. पखाल उंटाच्या कुशीला लटकलेली. बुयाने सकाळपासून तिच्यातलं दोनदा प्यायलं होतं. जावयाकडे त्याची बाटली असेल, असं तो धरून चालला होता. जावई मागे चाळीस पावलांवर होता, आणि ती चाळीस पावलं त्याला तोडता येत नव्हती.

तीनच्या सुमारास तो अडखळू लागला. घाम यायचा थांबला होता. एका बाभळीखाली बसून त्याने मला काढलं आणि त्र्याऐंशीवं पान उघडलं. तिथे ठळक अक्षरांत छापलं आहे, 'तहान लागण्याची वाट पाहू नका. पाणी प्या.' त्याखाली त्याचीच पेन्सिलीची रेघ होती. ती ओळ तो वाचत राहिला. मित्रांनो, मला आजवर पुष्कळांची कीव आली, पण स्वतःची इतकी किळस तेव्हाच आली.

मला घरी कव्हर घाला, धूळ पुसा, वाळवीपासून जपा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. बाहेर नेणार असाल तर आधी पाणी भरा. जागा उरली तर मी. नाही उरली तर फळीवर राहू द्या. अस्वलाला सोबत होईल.

म्हाताऱ्याला दिसत कमी होतं, पण ऐकू येत होतं. मागची पावलं थांबली तसा तोही थांबला. मग उंट वळवून बाभळीपाशी आला. येसलेमने धडपडत फेटा तोंडावर ओढला आणि मान खाली घातली. म्हाताऱ्याने पखाल सोडून फांदीला टांगली.

"ए उंटा," तो म्हणाला, "मला नमाज पढायचाय. इथे जागा बरी नाही. पलीकडे जातो. मला पढायला वेळ लागतो, गुडघे दुखतात. तोवर या झाडाखाली कुणी असलंच तर ते काय करतं, मला दिसत नाही. मला आता कुणाचंच काही दिसत नाही."

त्याने उंटाचा दोर उचलला. म्हातारा पुढे म्हणाला, "आणि घाईने नको म्हणावं. घोट घोट."

तो उंट, उंटीण आणि पिल्लू घेऊन उघड्या वाळूवरून चढ ओलांडून गेला. पखाल झाडालाच राहिली.

एक तास दहा मिनिटांनी म्हाताऱ्याची हाक आली, उंटाला. येसलेमने पखाल खांद्यावर घेतली आणि उठून उभा राहिला. पाय स्थिर पडत होते. किती प्यालो, ते त्याने रिकाम्या बाटलीने मापलं होतं. मग तो म्हाताऱ्याच्या ठशांवरून पावलं मोजत गेला, म्हातारा भर उन्हात वाळूत बसला होता त्या खळग्यापर्यंत. तिथे उभं राहून त्याने माझ्या त्र्याऐंशीव्या पानाच्या कडेला पेन्सिलीने लिहिलं:

पाणी, सव्वादोन लिटर. सावलीपासून अंतर, चारशे बारा पावलं.