वरचा रंधा हब्बोचा, खालचा माझा

शेजाऱ्याबरोबर भागीत माणसाने काहीही घ्यावं, रंधा मशीन घेऊ नये. मी घेतलं. शेजारी हब्बो साटहोफ. तीस वर्षं आम्ही एकमेकांना अरे-तुरे करत आलो. शेजारच्या गावातल्या एका सुताराने धंदा बंद केला, त्याचं जुनं मशीन आम्ही दोघांनी मिळून उचललं. ते कुणाच्याच शेडमध्ये मावेना, म्हणून दोन शेडमधली भिंत पाडली आणि बरोबर मधे उभं केलं.

मशीन तसं गुणी. वर सपाट लोखंडी टेबल, त्यावरून फळी ढकलली की तिची एक बाजू सरळ होते. मग टेबल उचलायचं आणि तीच फळी खालून घालायची, म्हणजे जाडी सारखी होते. वरच्या कामाला आणि खालच्या कामाला पाती तीच. आम्ही पात्यांना धार लावली, टेबलाला मेण चोळलं आणि चहाला बसलो. म्हणजे उभेच होतो. कप टेबलावर ठेवले होते, आणि इथेच घात झाला.

पाहुणा चमचा कपात ठेवत नाही, तोवर यजमानाने चहा ओतत राहायचा, ही आमची इथली रीत. किटली हब्बोची, म्हणून यजमान तो. माझा चमचा कपात नव्हता, कारण मी त्याने मशीनच्या फटीतला भुसा काढत होतो. हब्बोने पात्यांबद्दल बोलता बोलता कप भरला. मी पीत नव्हतो, तरी पुन्हा ओतला. कप काठोकाठ भरला तरी ओततच राहिला. चहा लोखंडावरून वाहू लागला. पुसणार कोण? त्याला वाटलं, मी पुसेन. मला वाटलं, ज्याने सांडला तो पुसेल. सकाळी टेबलावर गंजाचा हा एवढा तपकिरी डाग.

मी म्हटलं, भरलेला कप दिसत नव्हता का तुला? हब्बो ताठ उभा राहिला.

"चमचा कपात ठेवायचा असतो, पोपिंगासाहेब. तुम्हाला घरी शिकवलं नाही वाटतं."

तुम्ही! मला! आमच्याकडे एकदा दिलेला ‘तू’ कुणी काढून घेत नाही. त्यापेक्षा थोबाडीत मारलेली परवडली.

मग वाटणी झाली. डाग टेबलावर पडला, तेव्हा टेबल आपण सांभाळणार, असं हब्बोने जाहीर केलं. वरचा रंधा त्याचा, खालचा माझा. पाती एक आठवडा त्याची, एक आठवडा माझी. त्याच्या आठवड्यात मी खालून फळी घातली तर तो खाकरायचा. माझ्या आठवड्यात त्याने वरून घातली की मी खाकरायचो. माझी बायको तलेआ म्हणाली, माफी माग आणि मोकळा हो. कशाची माफी मागू? चमच्याची?

मी बाक करायला घेतला होता. वर सरळ न करता फळी खालून घातली की ती वाकडी आत जाते आणि वाकडीच बाहेर येते, फक्त बारीक होऊन. मी पुन्हा घालायचो. शेवटी तलेआने विचारलं, फूटपट्ट्या करतोयस का? हब्बोचंही काही बरं चाललं नव्हतं. त्याच्या फळ्या एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला पातळ. त्याच्या नव्या शेल्फावर ठेवलेली लोणच्याची बरणी हळूहळू कोपऱ्याकडे सरकते, असं त्याच्या बायकोनेच तलेआला सांगितलं.

खरं सांगू? फळ्या गेल्या खड्ड्यात. मला त्याचा ‘तू’ परत हवा होता. सकाळी कुंपणावरून ‘उठलास का रे, गेरयेत’ ऐकल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नसे. आता ‘नमस्कार, पोपिंगासाहेब’. माझ्या कुत्र्यालासुद्धा तो ‘अहो, जरा बाजूला व्हा’ म्हणू लागला, आणि ते मेलं बाजूला व्हायचं. बरं, मी आपणहून ‘तू’ म्हणावं, तर तेही चालत नाही. ‘तू’ वयाने मोठ्याने द्यायचा असतो, आणि हब्बो थोड्या दिवसांनी का होईना, मोठा आहे.

शेवटी ओकची एकच लांब फळी उरली. मी गेलो आणि म्हटलं, ही आपल्या टेबलावरून गेली तर उपकार होतील. हब्बोने फळी उलटसुलट पाहिली. आपली हरकत नाही म्हणाला, आणि पलीकडून फळी धरायला उभा राहिला.

मी ढकलत होतो. फळी मोठी म्हणून पात्यांवरचं झाकण मी बाजूला सारलं होतं, गाढवपणा सगळा माझाच. अंगात तलेआने विणलेला स्वेटर, त्याची बाही ढगळ. ती पात्यांकडे चालली होती आणि मी मात्र हब्बोच्या तोंडाकडे बघत होतो.

"गेरयेत, गाढवा, हात काढ तुझा!"

हात मी मागे ओढला, बटण त्याने दाबलं. बाहीचा एक धागा पात्यांना गुंडाळला गेला होता, बाकी हात जागेवर होता. हब्बोचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"काय म्हणालात?" मी विचारलं.

"मशीनला म्हणालो."

"मशीनचं नाव गेरयेत आहे?"

मशीनला वळसा घालून तो माझ्या बाजूला आला. हाताला भुसा होता, तो त्याने विजारीला पुसला, आणि नव्या माणसाला ‘तू’ देताना जसा करतात, तसा हात पुढे केला.

"मी हब्बो," तो म्हणाला.

तीस वर्षांपासूनचा शेजारी मला स्वतःचं नाव सांगत होता. मी त्याचा हात दोन्ही हातांनी धरला.

"मी गेरयेत."

"बरं झालं," हब्बो म्हणाला, "ओळख झाली तुझी."