तळ्याच्या घराला लागणारा वेळ

ज्या वर्षी यादोरावांचं कुंदाबाईशी लग्न झालं, त्याच वर्षी, म्हणजे १९४७ साली, केशोरीच्या चुन्नीलाल सुताराने मला घडवलं. मित्रांनो, मी आता जुनी झालेली एक दमणी आहे. दमणी म्हणजे माणसांना बसायची हलकी बैलगाडी. माझी चाकं बाभळीची, बाकी अंग सागाचं आणि वर बांबूचं छप्पर. नवरी माझ्यातच बसून घरी आली. लोक थांबून मला पाहत.

यादोरावांची दोन घरं होती. एक केशोरीत, दुसरं चार कोसांवर तळ्याच्या काठी. ते तळं त्यांच्या पूर्वजांनी बांधलेलं. वडील दुधराम आणि आई जमुनाबाई तिथेच राहत. तुमच्या बाले माणसं नाही लागत, पाणीच लागते, असं कुंदाबाई सासऱ्यांबद्दल यादोरावांना म्हणत.

या दोन घरांमध्ये जाणं-येणं हेच माझं काम. यादोराव प्रौढांच्या वर्गात अक्षरं शिकले, तेव्हा पहिलं लिहिणं त्यांनी माझ्या फळीवर कोळशाने केलं, या वाटेला लागणाऱ्या वेळेचं. उन्हाळ्यात उजाडता निघालो तर न्याहारीला पोचू. पावसाळ्यात दुपार होईल. बाया असल्या तर आणखी एक घटका. ही घटका बायांची नाही, वाटेत भेटेल त्याच्याशी बोलत उभं राहणाऱ्या गाडीवानाची आहे, असं कुंदाबाईंचं म्हणणं. पण वेळ चुकत नसे.

१९५८ साली पाऊस लवकर गेला. आश्विनात धान पोटरीत होतं, म्हणजे लोंबी अजून आतच होती आणि तिला पाणी हवं होतं. यादोरावांनी तळ्यावरच्या छोटेलालला कळवलं की उद्या पहाटे तुडुम उघड. तुडुम म्हणजे तळ्याचं पाणी शेतात सोडायचं तोंड. त्याच संध्याकाळी जमुनाबाईंचा निरोप आला. दुधरामांना श्वास घेता येत नव्हता.

यादोरावांनी वेळ बसवली. उजाडता निघायचं. न्याहारीला तळ्यावर. तिथून वडिलांना घेऊन दुपारच्या रेल्वेसाठी अर्जुनीचं स्टेशन, आणि मग गोंदियाचा दवाखाना.

आम्ही वेळेत होतो. घर समोर दिसत होतं. तळ्याखालच्या सखल वाटेवर मात्र पाणी आलं होतं. तुडुम उघडलं की ही वाट दरवर्षी काही दिवस बुडलेली असते. त्या दिवसांत आम्ही कधी निघतच नसू, म्हणून ती वेळ फळीवर नव्हती. माझी चाकं आखापर्यंत चिखलात बसली.

"पाणी कोणं सोडलं?" कुंदाबाईंनी विचारलं.

"मीच सोडाले लावलो," यादोराव म्हणाले. ते उतरले आणि दोघं पाण्यातून चालत गेले.

पुढचं मी परतीच्या वाटेवर कुंदाबाईंच्या तोंडून ऐकलं. चार माणसं खाट उचलायला तयार होती, पण खाट हलली की दुधरामांचा श्वास कोंडे. दमणीच दारात यायला हवी होती.

"बा, तुडुम बंद करतो. पाणी उतरलं का दमणी येते."

"कायले? धान पोटरीत आहे."

"रेल्वे चुकून राहिली ना, बा."

"चुकू दे. पाणी खालच्या बांधीले पोचलं का?"

खालची बांधी म्हणजे शेवटचं शेत. यादोरावांनी बाहेर जाऊन पाहिलं. अजून पोचलं नव्हतं. पोचून राहिलं, असं त्यांनी सांगितलं. तुडुम बंद केलं नाही.

दुपार झाली. माझ्यात बसायला कोणी आलं नाही. बैल सोडलेले होते.

त्या वर्षी धान चांगलं झालं. जमुनाबाई केशोरीला आल्या, तळ्याच्या घराला कुलूप लागलं आणि मला गोठ्यामागे उभं केलं. आता मला वाळवी लागली आहे. दुखत वगैरे काही नाही.

मित्रांनो, घरात जुनं लाकूड असेल तर त्याला वर्षातून एकदा तेल पाजा. आणि कोणाला आणायला निघालात, तर नेहमी किती वेळ लागतो त्यावर जाऊ नका. आज वाट कशी आहे ते विचारा.

दुधराम १९५८ सालच्या आश्विनात, तुडुम उघडल्याच्या चौथ्या दिवशी, सकाळी तळ्याच्या घरी वारले.