दुसरं टोक

पडद्यावर पहिलं टोक उमटलं, चांगलं ठसठशीत. दुसऱ्याच्या जागी रेघ आडवीच गेली.

“च्यायला, आजच बिघडायचं होतं याला!” म्हणत मी ताईच्या रक्ताचा नमुना पुन्हा चढवला.

“यंत्राला कशाला शिव्या?” शेजारच्या टेबलावरून मॅडम म्हणाल्या. “बाकीचे सगळे नमुने व्यवस्थित आलेत की.”

आले होते खरे. आमचं काम तसं सरळ. उदासीच्या आजारावर एक गोळी देतात, ॲमिट्रिप्टिलीन. ती पोटात गेली की शरीर तिच्यापासून हळूहळू नॉरट्रिप्टिलीन बनवतं. त्याच नॉरट्रिप्टिलीनची शुद्ध भुकटी आमच्या फ्रीजरमध्ये चिमुकल्या बाटलीत असते, ‘फक्त संशोधनासाठी’ अशी चिठ्ठी लावलेली. तिच्यावरून दुसऱ्या टोकाची जागा ठरवायची आणि आजाऱ्याचं रक्त ताडून बघायचं. पहिलं टोक गोळीचं, दुसरं नॉरट्रिप्टिलीनचं; रोज गोळी घेणाऱ्याची दोन्ही येतात. पहिलंच आलं, तर समजायचं, स्वारीने तपासणीपुरती गोळी घेतलीय. अशा लोकांची मी आजवर भरपूर टिंगल केलीय.

ताईचं पुन्हा एकच टोक आलं. सकाळी रक्त द्यायला येताना बसमध्ये ती पेंगत होती, आणि मी दीडशहाणा खूश होतो, की चला, हिला झोप लागायला लागली! ती तर सवय नसलेल्या एका गोळीची गुंगी होती.

मग मी आणून दिलेली गोळ्यांची एवढी पाकिटं गेली कुठे?

मॅडमनी पडदा पाहिला, माझा चेहरा पाहिला. “घरी जा. आत्ताच्या आत्ता. डॉक्टरांना मी फोन करते.”

ताई शिलाईच्या यंत्रापाशी नुसतीच बसली होती. आई गेली तेव्हा मी शाळेत होतो. लोकांचे कपडे शिवून हिने मला वाढवलं, शिकवलं, वेळप्रसंगी दोन धपाटेही घातले. आता गेले कित्येक महिने तिच्या हातून एक बाही पुरी होत नव्हती.

“लवकर आलास?”

“ताई, गोळ्या कुठायत?”

“घेते की रे रोज.”

“नाही घेत. आज सकाळी एक घेतलीस, माझं समाधान व्हावं म्हणून.”

ती हळूच म्हणाली, “एवढं कळतं होय रे रक्तातून?”

“साठवल्यास कशाला?”

“आता नको वाटतं रे सगळं. तुझ्या गळ्यात किती दिवस लोढणं होऊन राहू?”

“आणि मी? मी कुणाच्या तोंडाकडे बघू गं?” एवढं म्हणालो आणि मला रडू कोसळलं. चाळिशीचा घोडा, पण हुंदके आवरेनात. ती उठली, कापडाच्या तुकड्यांखालून पाकिटं काढली आणि सगळी माझ्या मांडीवर ठेवली. माझ्या डोक्यावरून हात फिरवायला मात्र तिचा हात उचलला गेला नाही.

संध्याकाळी डॉक्टरांनी तिला तपासलं. तिला एकटं सोडायचं नाही, गोळ्या माझ्याकडे ठेवायच्या आणि रोज समोर बसून द्यायच्या, असं बजावलं.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर मी गोळी आणि पाणी पुढे केलं. ताईने गोळी गिळली, पेला खाली ठेवला. मी काही बोलायच्या आतच तिने दिव्याकडे तोंड करून आ केला. जीभ वर उचलली, मग एकेक गाल बोटाने ओढून दाखवला.

मी मान खाली घातली.

“नीट बघ,” ती म्हणाली. आणि मी बघितलं.