पांढरीचा वाटा

पलूसकडच्या आमच्या गावाला माणसं हाकलायची भारी हौस. शेहेचाळीस साली पाळी धुळा धनगराची आली. माळावर त्याचा मेंढवाडा होता आणि शेजारी बापाची समाधी. म्हाताऱ्या आईला, हरणाबाईला, तिथंच मातीत जायचं होतं. पण गाव म्हणायचं, भटक्याला कसली आलीय जागा? दिवाळीच्या आत ऊठ.

गावातलेच लालासाहेब पलटणीत नकाशे वाचायला शिकून आले होते. गावाचा इतिहास लिहायचं त्यांच्या मनात होतं. कचेरीतून त्यांनी गावाचा जुना नकाशा मिळवला, तर माळावर घरं काढलेली आणि वर लिहिलेलं, धनगरवाडी.

"धुळा, गड्या, आमच्या आदी हितं तुमचं गाव व्हतं," ते म्हणाले.

"आवं, मग आमी भटकं न्हाई."

बिचाऱ्याला वाटलं, जिंकलो. नकाशात घरं होती तिथं त्यानं स्वतःच कुदळ मारली. चूल निघाली, फुटकं जातं निघालं. ते मातीसकट डोक्यावर घेऊन तो चावडीत गेला.

जात्याकडं कुणी बघितलंच नाही. गुंडा पाटलानं त्याला चिकटलेली माती बोटांत चोळली. राखेसारखी मऊ, पांढुरकी. उठून गेलेल्या गावाची ही माती उसाला शेणखतापेक्षा मानवते, हे आमच्याकडं पोरासोरांनाही ठाऊक.

"पांढर हाय," गुंडा म्हणाला. "लय जुनी."

दुसऱ्या दिवशी माळावर बैलगाड्या लागल्या. धुळा चाकांपुढं आडवा झाला. "ह्ये आमचं गाव हाय," तो म्हणाला.

"कोन न्हाई म्हनतंय?" गुंडा हसला. "आजपास्नं तू गावचाच. आन् गावच्या पांढरीत समद्यांचा वाटा. टोपलं आन, तुजा घेऊन जा."

धुळानं लालासाहेबांकडं पाहिलं. त्यांचाही ऊस होता. नकाशावर बोट ठेवून ते गड्यांना म्हणाले, "घरं पार समाधीपतुर हायती. तिकडं बी खणा."

हाडं बाजूला काढायची तसदीही कुणी घेतली नाही. मला अजून त्या गावाची किळस येते, आणि ते माझंच गाव आहे.

धुळानं टोपलं आणलं. बापाच्या जागची माती हातानं भरली आणि तो नुसता उभा राहिला. ती टाकायला त्याला शेत नव्हतं.

"आये, ह्ये कुटं ठिवू?"

हरणाबाईनं पदर पसरला. "घाल माज्या वटीत."

मागून गुंडा म्हणाला, "आजून एक टोपलं ने रं. तुमी दोघं हायसा."