कार्यालय असेल तिथला कायदा

"एक डॉलरला चाळीस एकर? आणि वर वीस वर्षं कर माफ?" गेरिट डायकस्ट्रानं काटा पॅनकेकमध्ये उभा खुपसला. "त्या जॉर्जियाच्या लांडग्यांना? हार्लन, थंडी डोक्यात गेली का रे तुझ्या?"

"काल काउंटीच्या सभेत ठराव मीच मांडला," हार्लन व्होसकूल त्याच्या कपात कॉफी ओतत म्हणाला. "सगळ्यांनी हात वर केले."

"ज्यांनी तुला धुतला, त्यांनाच पाट मांडतोस?"

"पाहुणा घरी आल्याशिवाय त्याला वाढणार कसं, गेरिट?"

गेरिट कोर्टात बेलीफ. तीस वर्षं लोकांच्या नावाचा पुकारा करून त्याला माणसं ओळखता येतात असा त्याचा समज होता. हार्लनला तर सगळा गावच ओळखायचा. अंडं फोडताना हा अंड्याची माफी मागतो, असं म्हणत. त्याच्या मनात डूख असेल, हे सांगितलं असतं तर घोड्यानंसुद्धा हसून घेतलं असतं.

हार्लनचं हॉटेल म्हणजे 'ग्रॅनी बॅस्कम' या कंपनीची शाखा. तळलेली कोंबडी, पॅनकेक, सफरचंद भरून भाजलेला गोड 'पाय'. कंपनीशी करार झाला तेव्हा चार काउंट्यांत, म्हणजे चार जिल्ह्यांत, हक्क फक्त त्याचा, आणि पाच वर्षांत पाच हॉटेलं उघडायची, असं ठरलं. कराराचं बाड इतकं जाड की बुटक्या नवरीनं पायाखाली घेतलं तर नवऱ्याच्या बरोबरीनं दिसावी. पहिलं हॉटेल उघडलं, चाललं. दुसरं बांधायला घेतलं तर नदी आली आणि पायासकट घेऊन गेली. कंपनी म्हणाली, मुदत चुकली. चारही काउंट्या काढून मालक ड्वेन रस्क यांनी आपल्या भाच्याला दिल्या. हार्लनकडे उरलं ते पहिलं हॉटेल.

हार्लन भांडायला निघाला तेव्हा सत्ताविसावं कलम आडवं आलं. भांडण कुठंही होवो, कायदा लागणार तो कंपनीचं मुख्य कार्यालय असेल तिथला आणि कोर्टही तिथलंच. म्हणजे जॉर्जिया. नऊशे मैल.

तीन वेळा गेला. तिन्ही वेळा कंपनीच्या वकिलानं तारीख पुढं ढकलली. एकदा तर रस्कसाहेब मासे पकडायला गेले म्हणून. चौथ्या वेळी त्याची बायको मेरीजीन इस्पितळात होती. "जा तू," ती म्हणाली, "मी कुठं पळून जात्येय?" तो गेला. नऊपासून पावणेपाचपर्यंत कोर्टाच्या व्हरांड्यात बसला. मग न्यायाधीश म्हणाले, आमच्या कायद्यात कागदावर आहे ते आहे, नदीबिदी काही नाही. मेरीजीन दुपारी तीनला गेली होती.

त्यानंतर हार्लन करार वाचायला लागला. लोक बायबल वाचतात तसा, रोज, ओळीवर बोट ठेवून. सत्ताविसाव्या कलमात जॉर्जियाचं नावच नव्हतं. कर वाचवायला कंपनी राज्याराज्यांतून बिऱ्हाड हलवायची, म्हणून वकिलांनी लिहिलं होतं, 'कार्यालय त्या वेळी जिथे असेल तिथे'. आणि हार्लनच्या राज्याचा कायदा एक जास्तीचा प्रश्न विचारतो: हॉटेल काढून घेताय खरं, पण कारण काय?

हार्लन काउंटीच्या विकास समितीत शिरला. सहा वर्षं खपला. शेवटी एक डॉलरच्या वासानं रस्कसाहेब आलेच. मक्याच्या शेतात मुख्य कार्यालयाची काचेची इमारत उभी राहिली. वकिलांनी सत्ताविसावं कलम खोक्यात भरून आणलं. वाचलं कुणीच नाही. मिसेस रस्क तेवढ्या आल्या नाहीत. "त्या बर्फात मी माझी कापलेली नखंसुद्धा ठेवणार नाही," म्हणाल्या.

पुढच्या वर्षी हार्लनच्या हॉटेलची मुदत संपत आली. रस्क स्वतः आले, सफरचंदाचा पाय खाल्ला आणि बशीशेजारी नोटीस ठेवली. "एप्रिलपासून हे माझा भाचा बघेल, मिस्टर व्होसकूल."

"आणखी एक तुकडा घ्या," हार्लन म्हणाला. "कोर्ट समोरच आहे. चौक ओलांडला की झालं."

हार्लननं दावा लावला. त्याची वकील होती ट्रूडी एप्पिंगा, त्याच्या शाळेच्या बाकावरची. तिनं तारीख तीन वेळा ढकलली. एकदा कणसं सोलायची स्पर्धा, एकदा हार्लनची दाढ, एकदा त्याची मांजर व्याली. चारशे हॉटेलांचा मालक तिन्ही वेळा व्हरांड्यात बसून परत गेला. गेरिट बातमी आणायचा, "आज अकरा वेळा घड्याळ बघितलंन!" त्या दिवशी हार्लनला दोन घास जास्त जायचे.

चौथ्या तारखेच्या आदल्या दिवशी रस्क हॉटेलात आले. बसले नाहीत.

"उद्याची तारीख पुढं ढकला. तिकडं जॉर्जियात बायकोचं ऑपरेशन आहे. डॉक्टर धड काही सांगत नाहीत. न्यायाधीश म्हणतात, तुमची हरकत नसेल तर..."

ट्रूडी तिथंच होती. "हार्लन, अरे," ती हळूच म्हणाली.

"कलम तुमचंच आहे, मिस्टर रस्क," हार्लन म्हणाला. "मी फक्त वाचलं. हरकत आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मेरीजीननं घेतलेला टाय बांधून कोर्टात गेला. साडेनऊला कंपनीचा वकील घाम पुसत बाहेर आला. भर जानेवारीत घाम! हातात कागद. हॉटेल आणखी वीस वर्षं हार्लनचं, दाव्याचा खर्च कंपनीचा. "साहेब म्हणाले, मागेल ते द्या."

"जिंकलास, मेल्या!" ट्रूडीनं त्याच्या पाठीत धपाटा घातला. हार्लननं सही केली.

"ते कुठायत?" त्यानं गेरिटला विचारलं. "मला त्यांचं तोंड बघायचंय."

"रस्क? गेला की. पुकाऱ्याच्या आधीच. सव्वानऊला फोन आला, उठला. मी म्हटलं, साहेब, आता जाल तर दावा हराल. तर म्हणाला, चुलीत घाला तुमचा दावा. पळतच सुटला. कोटसुद्धा इथंच राहिला बघ."

"असं जाता येतं?"

"न जायला काय झालं? दाराला कुलूप असतं होय?"

ट्रूडी सगळ्यांना सफरचंदाचा पाय खाऊ घालायला पुढं निघाली. "येतोस ना?" तिनं दारातून हाक मारली.

हार्लननं बाकावरचा कोट उचलला. चांगला होता, लोकरीचा. बाह्या सरळ केल्या, नीट घडी घातली, आणि तो मांडीवर घेऊन तिथंच बसला.