दोन-आठचा हात

लुंबिनी सोनकांबळेने कृत्रिम हात बनवला आणि त्याला नाव ठेवलं 'हस्तक'. हात म्हणजे हस्त, त्यावरून हस्तक. ऐकायला गोड, लिहायला सोपं. नांदेडला वजिराबादेत एका झेरॉक्सच्या दुकानावरच्या माडीत तिचा आणि भागीदार सत्यमचा मिळून कारखाना होता. तिथं दारावर पाटी लागली, पाचशे माहितीपत्रकं छापून आली, आणि मग तिचे वडील आनंदराज माडी चढून आले. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेला माणूस. त्यांनी पाटी दोनदा वाचली. मग त्यांनी हळूच सांगितलं की बाळ, हस्तक म्हणजे गुंडाचा माणूस. 'कुख्यात गुंडाच्या हस्तकास अटक' असं पेपरात येतं ना, तो. पण पत्रकं छापून झाली होती आणि लुंबिनी हट्टी होती. नाव राहिलं.

हात मात्र गुणी होता. मनगट गेलं, बोटं गेली, तरी कोपराखालचे स्नायू जागेवर असतात, आणि माणसाने मूठ आवळायचं मनात आणलं की ते अजूनही ताठतात. ताठताना त्यांच्यातून विजेची इवलीशी चाहूल निघते. कातडीवर चिकटवलेले धातूचे दोन ठिपके ती चाहूल टिपायचे, सत्यमने जोडलेलं सर्किट ती ओळखायचं, आणि मोटर मासेमारीच्या दोऱ्याने प्लास्टिकची बोटं आत ओढून घ्यायची. बाहेरच्या देशातला असला हात मोटारगाडीच्या भावात मिळतो. लुंबिनीला तो जुन्या स्कूटीच्या भावात द्यायचा होता.

अडलं होतं ते अंड्यापाशी. हात बाटली धरायचा, चेंडू धरायचा, दाराची कडी काढायचा. अंडं दिलं की फोडायचा. सत्यम देगलूरचा, घरात काही वाया घालवू नये अशा वळणात वाढलेला. तो प्रत्येक फुटलेल्या अंड्याचं आम्लेट करून खायचा. तीन आठवडे झाल्यावर त्याने विचारलं की चाचणी अंड्याऐवजी बटाट्यावर घेतली तर शास्त्राला काही हरकत आहे का.

अशात कस्तुराबाई आल्या. माहूरच्या कासारीण. गडाच्या वाटेवर त्यांचं बांगड्यांचं दुकान, वय पंचावन्नच्या पुढे, आवाज असा की खालच्या झेरॉक्सवाल्याने मशीन बंद करून वर पाहिलं. डावा हात मनगटाच्या वर तुटलेला. तीन वर्षांमागं माहेरी, लातूरजवळच्या मुरुडला गेल्या असताना भावाच्या कडबाकुट्टीत गेला. त्या ते भाजीत मीठ कमी पडल्यासारखं सांगत. खरं दुःख वेगळंच होतं. तेव्हापासून दुकानात बांगड्या भरायचं काम त्यांचे मालक, म्हणजे नवरा, भारतराव करत होते, आणि भारतराव कासाराच्या घरात जन्मूनही अत्यंत धसमुसळे होते. डझन भरायला घेतला की पाच फुटायच्या. बायका दुकानातून देवीच्या आधी डॉक्टरकडं जायच्या. शेवटी कस्तुराबाईंनी गल्ल्याशेजारी कापूस आणि हळदीची डबी ठेवली, तेव्हा त्यांना वाटलं की आता हात आणायला पाहिजे.

लुंबिनीने हात बसवला. कस्तुराबाईंनी बाटली उचलली, कप उचलला, सत्यमचा चष्मा काढून पुन्हा घातला. लुंबिनी वहीत एकेक बरोबरची खूण करत होती. मग कस्तुराबाईंनी पिशवीतून हिरव्या बांगड्यांचा डझन काढला आणि म्हणाल्या, आता याच्यात भरून दाखव.

बांगडी बोटांवरून आली आणि तळव्याला येऊन थटली. त्यांनी मोठं माप काढलं. कासारांची मापं दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ अशी चढत जातात. दोन-आठ म्हणजे भरल्या अंगाच्या बाईचं. तेही जाईना. दोन-बारा तर पैलवानाच्या बायकोलाही सैल व्हावं, तेही अंगठ्याच्या बुडाशी अडकलं.

लुंबिनीने समजावलं की बांगडी जाणं ही हाताची गरज नव्हे. आम्ही तीस लोकांना विचारून गरजांची यादी केली, तिच्यात बांगडी नाही. हवं तर मनगटावर हिरवा रंग देऊ. कस्तुराबाईंनी हात काढून टेबलावर ठेवला.

"ज्याच्यात बांगडी जात न्हाई त्याला हात म्हणत न्हाईत, माय. त्याला पाना म्हणतेत."

त्यांनी ते रागानं म्हटलं नव्हतं, म्हणून लुंबिनीला जास्त लागलं. चार वर्षांचं काम, दोन पारितोषिकं, आणि पाना. त्या यादीतल्या तीस लोकांत बायका किती होत्या हे तिने चोरून पाहिलं. तीन होत्या, आणि त्यातल्या दोघी स्वतःच्या नवऱ्याच्या हाताविषयी बोलायला आल्या होत्या.

तिने मग, काहीसं तोऱ्यातच, विचारलं की माणसाच्या हातात तरी बांगडी जाते कशी? तिची स्वतःची मनगटं मोकळी असायची. झाळकाम, म्हणजे सोल्डरिंग, करताना बांगड्या आड येतात. कस्तुराबाईंनी तिचा डावा हात ओढला, आपल्या दोन गुडघ्यांत धरला, आणि तुटक्या हाताच्या टोकाने तिच्या अंगठ्याचं बूड आत दाबलं. अंगठा तळव्यात गेला. करंगळीकडची बाजू त्याच्यावर घडी पडल्यासारखी वळली. चार बोटांची मुळं एकमेकांच्या पोटात शिरली. आता हात मोडणार म्हणून लुंबिनी डोळे मिटून बसली, आणि डोळे उघडले तर दोन-चारची बांगडी मनगटावर होती. स्वतःचं माप ती दोन-आठ समजत होती.

"तळहात म्हंजे पाट न्हाई," कस्तुराबाई म्हणाल्या. "रुमाल हाय. घडी घालता आली पाहिजे."

लुंबिनी मनगटाकडे पाहत राहिली. तिने तळवा म्हणून प्लास्टिकचा एक जाड पाटच छापला होता, त्याला बोटं लावली होती, आणि त्याला हात म्हणत होती. सत्यमही आपला पंजा पुन्हा पुन्हा मिटून बघत होता. त्याने कस्तुराबाईंना आम्लेट खाणार का विचारलं. माडीत देण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

पुढचे दोन महिने तळव्यावर गेले. तो उभा तीन तुकड्यांत कापला, मध्ये सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या जोडल्या, अंगठ्याला आत झोपायची सोय केली. पहिला तळवा इतका ढिला झाला की नमस्कार करताना हातातून बोटं गळाल्यासारखी दिसायची. दुसरा एकदा मिटला तो उघडलाच नाही. पाचव्यात दोन-आठ गेली. कस्तुराबाईंनी हट्टाने दोन-सहा घालून पाहिली. ती गेली नाही, पण पाच पावलं पुढं आली असं त्या म्हणाल्या. आणि त्याच दिवशी सत्यमने सवयीने त्या हातात अंडं दिलं, तर अंडं फुटलं नाही. तळवा त्याच्याभोवती वाटीसारखा वळला. सत्यमने त्या रात्री बिनअंड्याचं जेवण केलं आणि घरी फोन करून आईला ही बातमी दिली.

हात माहूरला गेला. पहिले चार दिवस बरे गेले. कस्तुराबाई डाव्या हातानं बाईचा पंजा धरायच्या, उजव्यानं बांगडी सरकवायच्या, भारतराव बाजूला कुंकवाच्या पुड्या बांधायचे. पाचव्या दिवशी शिरूर अनंतपाळची एक बाई घासाघीस करायला लागली. आता कस्तुराबाईंचं असं की भाव करताना त्यांचा हात कोपरापर्यंत ताठायचा, तुटायच्या आधीपासूनच. ठिपक्यांनी ती चाहूल टिपली आणि हस्तकाने बाईचा पंजा घट्ट धरला. बाईने भाव पाडला, कस्तुराबाई तापल्या, हस्तक आणखी आवळला. बाईला वाटलं ही विकायची नवी रीत असावी. तिने मुकाट्यानं सांगितला तो भाव मान्य केला आणि हात सुटला. दोन दिवसांत वाटेवर बोलणं झालं की कस्तुराबाईच्या दुकानात भाव करू नये, तिथं यंत्र हाय.

धंद्याला ते बरंच होतं, पण लुंबिनीला ते पटलं नाही. तिने सत्यमला माहूरला धाडलं. त्याने हाताचा कान जरा जड केला, म्हणजे बारीकसारीक ताठपणा ऐकू जाऊ नये. फक्त एवढं सांगितलं की मावशी, खरा राग आला तर मात्र माझ्याकडं इलाज न्हाई. कस्तुराबाई म्हणाल्या की खरा राग मला वर्षातून एकदाच येतो.

तो आला लातूरला. तिथल्या एका कॉलेजात तीन जणांची समिती बसली होती. कोणाच्या यंत्राला मदत द्यायची ते ठरवणारी. अध्यक्ष राजशेखर सर, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला तीन पेनं, निवृत्त झाले तरी हजेरी घेतल्यासारखं पाहणारे. लुंबिनी पाठ केलेलं बोलली, शेजारी कस्तुराबाई हस्तक घालून बसल्या होत्या. चौथ्या पानावरचा मुद्दा तिने अभिमानाने वाचून दाखवला: आमचा गिअर असा आहे की वीज गेली तरी पकड सुटत नाही, भरला तांब्या पडत नाही.

सरांनी पानं उलटली. तंत्र चांगलं आहे, म्हणाले, पण याचा उपयोग काय दाखवलाय, तर बांगड्या भरणं. पोत्याला हात लावणारा, पाना फिरवणारा कामगार दाखवायचा. आणि मग हसून, मोठेपणानं, "हातात बांगड्या भरायला एवढं विज्ञान कशाला लागतं?" असं म्हणत त्यांनी पकडीचा जोर पाहायला आपला उजवा पंजा कस्तुराबाईंच्या हस्तकात दिला.

लुंबिनीने कस्तुराबाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि वर्षातून एकदाचा राग तो हाच, हे ओळखलं.

हस्तक मिटला. सरांनी वा वा म्हटलं. मग त्यांनी हात मागे घेतला, तो आला नाही. त्यांनी जरा ओढला, तशी पकड वाढली. सत्यम बटण बंद करायला धावला, आणि लुंबिनीने त्याला मध्येच धरलं, कारण चौथं पान. बंद केला की पकड तशीच राहणार होती. तिने कस्तुराबाईंना कानात सांगितलं की मावशी, शांत व्हा, छान काहीतरी मनात आणा. कस्तुराबाईंनी सांगितलं की मी आणून राहिले, पण ह्यांचं तोंड समोर हाय.

समितीतले दुसरे एक सर तेल आणायला निघाले. तिसरे सर पाणी प्यायला गेले ते दारामागं खांदे हलवत उभे दिसले.

तेव्हा कस्तुराबाईंनी सत्यमला त्यांची पिशवी उघडायला लावली. "हात कामाला लागला की आपसूक सैल पडतो," त्या म्हणाल्या. "बसा साहेब."

सर बसले. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. कस्तुराबाईंनी हिरवी बांगडी त्यांच्या बोटांवर चढवली, मुळांपर्यंत आणली, आणि काय झालं ते लुंबिनीने दोन हातांच्या अंतरावरून पाहिलं. हस्तक सैल पडला, तळवा वळला, सरांच्या अंगठ्याचं बूड आत गेलं, बांगडी पलीकडे. सरांना त्या क्षणी हात काढून घेता आला असता. लुंबिनीला ते स्पष्ट दिसलं. त्यांनी काढला नाही. ते पुढं वाकून त्या प्लास्टिकच्या तळव्याकडे पाहत होते, चष्मा नाकावर घसरलेला, आणि हलक्या आवाजात म्हणाले की पुन्हा एकदा करा, जरा हळू.

बाराच्या बारा गेल्या. एकही फुटली नाही. कस्तुराबाईंचा राग चौथ्या बांगडीलाच संपला होता.

"साहेब, चाळीस वर्षं बांगड्या भरल्या," त्या शेवटची सारखी करत म्हणाल्या. "पाटी उचलणारे हात आले, नांगर धरणारे आले. भेकड हात एक बी आला न्हाई."

सरांनी मान हलवली. माप कोणतं, एवढंच विचारलं. दोन-आठ, कस्तुराबाईंनी सांगितलं, पण तुमचा हात मऊ हाय. बांगड्या तेल लावून निघतात, पण भरल्या दिवशी काढत न्हाईत असंही त्यांनी सांगितलं. हा नियम त्यांनी तिथंच केला हे लुंबिनीला परतीच्या एसटीत कळलं. सरांनी मात्र तो पाळला. दुपारभर आणखी चार यंत्रवाले आत गेले आणि प्रत्येकाची कागदपत्रं उलटताना अध्यक्षांच्या हाताचा किणकिणाट बाहेरच्या बाकापर्यंत येत होता. हसायची कोणाची छाती झाली नाही.

महिन्याभरात मंजुरीचं पत्र आलं. दहा हात करायचे, दहा माणसांना बसवून सहा महिने पाहायचं. लुंबिनीने गरजांची जुनी यादी फाडली नाही, पण कपाटात वर ठेवली आणि कोरी वही काढली. आलेल्या माणसाला आता ती बाटली देत नसे. आधी चहा द्यायची आणि विचारायची की हात आला की पहिल्या दिवशी काय करणार.

पहिले आले रामकिशन, मुखेडकडचे निवृत्त पोस्टमन. ते बराच वेळ लाजले. मग सांगितलं की पारावर रोज पत्त्यांचा डाव असतो. हात गेल्यापासून पत्ते दुसरेच पिसतात, आणि आठ महिन्यांत त्यांना एकदासुद्धा एक्का आलेला नाही.

"पिसता येतील का, ताई?"

लुंबिनीने वहीत लिहिलं: पत्ते पिसणे. खाली रेघ मारली. मग सत्यमला नाक्यावरच्या दुकानातून पत्त्यांचा कॅट आणायला पाठवलं, टेबल मोकळं केलं, आणि रामकिशनरावांना म्हणाली की आधी दोन्ही हातांनी पिसणारा माणूस काय काय करतो ते नीट बघू, मी पिसते, तुम्ही वाटा. संध्याकाळपर्यंत ती सात डाव हरली होती.